आईच्या तापाचा लेख

अक्का,

तू गेलीस तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच उत्तर देऊन राहिलोय. माणूस येतो, टोपी मांडीवर ठेवतो, पाण्याचा घोट घेतो आणि आवाज उतरवून विचारतो, "हार्टच का?" मी म्हणतो, "न्हाई, मेंदूतली नस फुटली." मग त्याचा चेहरा जरासा पडतो. हृदयाची एवढी मोठी डॉक्टर हृदयानंच गेली, हे पुढच्या घरी कसं सांगायचं ते त्यानं येताना रिक्षातच ठरवलेलं असतं आणि मी त्याच्या गोष्टीचा शेवट नासवतो. उदगीरच्या काकांनी तर माझी समजूत काढली. म्हणाले, "नस तरी शेवटी हार्टातूनच निघती की रे." मी हो म्हणालो. दुःखाच्या घरातून त्यांना नाराज होऊन पाठवणं बरं दिसलं नसतं.

तू असतीस तर काकांना कागदावर नस काढून दाखवली असतीस. मला ते जमत नाही. मी त्यांना चहा दिला.

तुला समाधी दिली तेव्हा रुद्रभूमीत बरीच माणसं होती. आपल्या लिंगायतांत बसवूनच पुरतात, हे मला काय नवीन नाही. अप्पांना बसवलं, आईला बसवलं. पण तुला तशी बसलेली बघायची सवय नव्हती. मांडी घातलेली, पाठ टेकलेली, कपाळभर विभूती, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर. आयुष्यात तू माझ्या घरी इतका वेळ एका जागी बसली नाहीस. नांदेडहून यायचीस ती चपला दारात अर्ध्याच काढून, "चहा टाकू नको, अहमदपूरला घेतला," म्हणत. आईची नाडी बघायचीस, सुरेखाला माझ्या पोटाकडं बोट दाखवून माझं तूप बंद करायला सांगायचीस, आणि पुढच्या गाडीनं परत. स्वामींचे मंत्र चालले होते, लोक बेल वाहत होते आणि मी, पन्नाशी उलटलेला भांड्यांचा दुकानदार, खड्ड्याच्या काठावर उभा राहून वाट बघत होतो की ही आता उठून म्हणेल, "येते रे, ओपीडी आहे."

शिवगणाराधना झाली. पंगती उठल्या, पाव्हणे गाड्यांना लागले, आणि तुझी तहसीन मागं थांबली. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या शिंप्याची ही पोरगी तुझ्या हाताखाली शिकून डॉक्टर झाली, तुझ्या लेखांवर तुझ्या खाली तिचं नाव असायचं, आणि तुला ती मॅडम म्हणायची म्हणून मी तिचा मामा. तिनं सुरेखाबरोबर ताटं आत नेली, हात पुसले, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मामा, मॅडमचा एक लेख राहिलाय," ती म्हणाली. "कोणता ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. आईच्या शेवटच्या तापावर तू लिहिलेला. रुग्ण हयात नसला की घरच्या माणसाचा होकार लागतो, त्याशिवाय तसला लेख छापत नाहीत. आणि घरचा माणूस म्हणजे मी. तू विचारत राहिलीस, मी नाही म्हणत राहिलो. आता विचारायला तू नाहीस, आणि नाही म्हणायचं काम मात्र अजून माझ्याकडंच आहे.

"घाई नाही," तहसीन म्हणाली. मग थोड्या वेळानं, "म्हणजे, आहे थोडी. मी पुढच्या महिन्यात हैदराबादला जातेय. मी गेले की तो लेख कुणाचाच राहत नाही."

ती गेल्यावर सुरेखा मला म्हणाली, "द्या की होकार. आता कोण उरलंय भांडायला?" तिनं सरळ मनानं म्हटलं होतं. मी उठून दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतंच.

तुझे लेख तू मला का पाठवायचीस, हे मला कधी कळलं नाही. ज्या गावात बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहतात आणि डॉक्टर होऊन जातात, त्या लातुरात जन्मून मी बारावीला फिजिक्समध्ये लटकलो. मला तर खोलीचं भाडंही नव्हतं. अप्पा म्हणाले होते, "एक पोरगी झाली ना डॉक्टर, बस झालं. ह्याला कढया विकू द्या." तेव्हापासून मी गोलाईच्या बाजारात कढया विकून राहिलो. पण तुझा लेख आला की दुपारच्या सुस्तीत, मांडीवर डिक्शनरी घेऊन तो वाचायचो. शीर्षक संपेपर्यंत चहा निवायचा. पुढं कोष्टकं यायची, त्यांना मी भांड्यांच्या दरपत्रकाइतकाच मान द्यायचो. शेवटी तुझं नाव पुन्हा एकदा बघायचो आणि कागद गल्ल्याखाली ठेवायचो. शेजारचा कापडवाला विचारायचा, "काय म्हणतीय बहीण?" मी म्हणायचो, "लई गंभीर हाय." त्याला तेवढं पुरायचं. खरं तर मलाही.

पण इतकी वर्षं वाचून एक गोष्ट मला कळली होती. तुझा मुद्दा एकच होता आणि तो तू हर तऱ्हेनं मांडत होतीस. लहानपणी घसा दुखतो, सांधे सुजतात, त्याकडं कुणी बघत नाही, आणि त्यातूनच हृदयाची झडप खराब होते. अशा झडपेवर पुढं कधीतरी जंतू बसतात. मग बारीक ताप येतो. आपल्याकडं ताप आला की माणूस आधी गावातच सुई टोचून घेतो, मिळतील त्या गोळ्या खातो, आणि उतरला नाही की नांदेड गाठतो. तोवर रक्तातले जंतू अर्धमेले झालेले असतात. तपासणीत सापडत नाहीत, पण झडप कुरतडत राहतात. डॉक्टर आंधळ्यासारखा औषध देतो. आधी रक्त घ्या, मग औषध द्या, एवढंच तुझं म्हणणं. बिलोली, धर्माबादपासून पार सीमेपर्यंतच्या सगळ्या डॉक्टरांना तू हे फोनवर ऐकवायचीस. ते तुला घाबरायचे. मीही घाबरायचो, पण मला निदान फोन माझ्या पोटाबद्दल असायचा.

उदगीरला चुलत बहिणीच्या लग्नात मावशीनं तुला विचारलं होतं, हे रक्त तपासतात म्हणजे नेमकं करतात काय. तू सांगायला लागलीस आणि मावशीचे डोळे मिटायला लागले. तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. म्हणालो, "मावशी, दही लावल्यासारखं असतंय. बाटलीत रक्त टाकून उबेला ठेवायचं, अन् काय लागतंय ते बघायचं. आधी गोळी खाल्ली असली की दही लागत न्हाई." मावशी म्हणाली, "मग असं सांग की." तू मला सगळ्यांसमोर झापलंस, की शास्त्राचा चिवडा करून राहिलाय. आणि आठवड्यानं फोन करून म्हणालीस, "आज वर्गात तुझं दही चालवलं." माझं शास्त्रातलं योगदान ते एवढं. त्यावर मी पुढची कित्येक लग्नं काढली.

आईचा तो ताप.

आईच्या झडपेचं तुला आधीपासून माहीत होतं. आमच्या घरात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात तिची औषधं तू भरून ठेवायचीस. कुणी त्याला हात लावायचा नाही, असा तुझा दंडक. दात काढायचा होता तेव्हा तू मुद्दाम अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्यास, कारण अशा झडपेच्या माणसाचा दात काढणंसुद्धा जोखमीचं. त्यातल्या काही उरल्या होत्या. पुढं काही महिन्यांनी आईला ताप आला. मी तुला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि आईच्या तोंडापुढं धरला.

"अगं, कणकण हाय जरा," आई म्हणाली. "ह्यो उगंच घाबरून राहिलाय."

"थंडी वाजती का?"

"वाजती की. गोधडी घेतलीय."

"खोकला?"

"न्हाई गं. अंग मोडून गेलंय निसतं. रात्री डोळ्याला डोळा न्हाई."

 तिकडून तुझ्या मागं वॉर्डातला गलका ऐकू येत होता. मग म्हणालीस, "डब्यात दाताच्या वेळच्या गोळ्या असतील बघ. सकाळ-संध्याकाळ एकेक घे. ताप उतरंल, झोप लागंल. मी रविवारी येते."

"हाव," आई म्हणाली. "तू जेवलीस का?"

"जेवते. तू झोप आता."

एवढंच. तुझा आवाज मऊ झाला होता. दुसऱ्या कुणाचाही फोन असता तर तू त्याला आधी रक्त द्यायला पाठवलं असतंस आणि वरून चार शब्द सुनावले असतेस. त्या दिवशी मला इतकंच वाटलं की ही आज किती दिवसांनी घरच्या माणसासारखी बोलली.

ताप उतरला. आई रविवारी चांगली जेवली, तू येऊन गेलीस, सगळे खूश. गोळ्या संपल्या आणि ताप परत आला. तू पुन्हा आलीस, तिच्या छातीला नळी लावलीस, आणि तुझा चेहरा मी बघितला. तुझे सगळे लेख वाचूनही जे मला कळलं नव्हतं ते तेवढ्यात कळलं. तू डबा उघडलास, रिकामं पाकीट बाहेर काढलंस आणि पुन्हा आत ठेवलंस.  "गाडी सांग," एवढंच म्हणालीस.

नांदेडला तुझ्याच वॉर्डात आई राहिली. इको काढायचा तर गळ्यातलं लिंग मध्ये यायचं, आणि आई ते काढून ठेवायला तयार नाही. तिथली सिस्टर वैतागली. तू आलीस, दोरा सैल केलास, लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवून वरून पट्टी गुंडाळलीस आणि म्हणालीस, "धर घट्ट. पूजेला बसलीस असं समज." आई शेजारच्या धर्माबादच्या बाईला अभिमानानं सांगत होती, "ही माझी लेक. लई रागीट हाय, पण हात हलका हाय." पडद्यावर तिच्या झडपेला कोंब फुटल्यासारखं काहीतरी हलत होतं. मला ते सुंदर वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

रक्ताच्या बाटल्या लावल्या होत्यास, त्यात काहीच उगवलं नाही. पुन्हा लावल्यास, पुन्हा काही नाही. तू अंदाजानं औषधं दिलीस, तुझ्या ओळखीच्या सगळ्या मोठ्या डॉक्टरांना फोन केलेस. एका सकाळी आई गेली. तू व्हरांड्यात नळापाशी हात धूत होतीस, धूतच होतीस. मी जवळ आलो तर माझ्याकडं न बघता म्हणालीस, "बाटल्या स्वच्छ राहिल्या रे, मन्मथ."

 मला तेव्हा वाटलं, तू बाटल्यांबद्दलच बोलतेस.

पुढच्या दिवाळीला तू लेख घेऊन आलीस. दुकानात गर्दी होती, तू स्टुलावर बसून सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. मग तू मला तो लेख मराठीतून सांगितलास. एक म्हातारी, झडप खराब, ताप. तपासणीआधी तिच्या एका नातेवाइकानं, जो स्वतः हृदयरोगाचा डॉक्टर आहे, फोनवरून अँटिबायोटिक सुरू करायला सांगितलं. नंतरच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या.

"आईला केस करतीस?" मी म्हणालो.

"केसच होती ती."

"आई होती."

"दोन्ही होती. मी एकच बघितली, म्हणून तर लिहून राहिले."

मी विचारलं, आई त्या गोळ्यांनीच गेली का. तू म्हणालीस, "माहीत न्हाई. झडप आधीच गेलेली होती. कदाचित कशानंच वाचली नसती. तेच लिहिलंय, की माहीत न्हाई."

"मग माहीत न्हाई ते छापतीस कशाला?"

"माहीत असल्यासारखं छापून लई झालं," तू म्हणालीस. "आजवर मी दुसऱ्यांच्याच चुका मोजल्या, मन्मथ. खेड्यातल्या डॉक्टरानं हे केलं, कंपाउंडरनं ते केलं. ते वाचून कुणी बदललं असं मला दिसलं न्हाई. आणि सही तुझी लागती. आरोपी मी, साक्षीदार मी, सही तरी दुसऱ्याची पाहिजे की."

मी नाही म्हणालो. त्या दिवशी, आणि नंतर तू जेव्हा जेव्हा विषय काढलास तेव्हाही. तुला मी कारणं नाना दिली. समाज काय म्हणेल. आईला आवडलं नसतं. सुरेखाच्या माहेरी काय सांगू. तू प्रत्येक कारण खोडलंस, मी नवीन काढलं. कढईचा भाव उतरवायला आलेल्या बाईसारखी माझी गत. खरं कारण मी तुला सांगितलं नाही, ते आता सांगतो. अप्पा गेले होते, आई गेली होती, माझ्या वरचं असं एक माणूस उरलं होतं, आणि ते माणूस स्वतःला छापील कागदावर उभं करून जगाला म्हणणार होतं, घ्या, बोला काय ते. मला ते बघवलं नसतं. त्याचा मला आजही पस्तावा नाही. तू जिवंत असतीस आणि आज विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हणालो असतो.

पण तू विचारायला नाहीस. म्हणजे नाही म्हणण्यातही राम राहिला नाही.

तुझी खोली आवरायला मी एकटाच नांदेडला गेलो. सुरेखा येते म्हणाली, मी नको म्हणालो. आणि लोह्यापर्यंत पोचेस्तोवर वाटलं, आणायला हवं होतं. तुझ्या खोलीत आवरायला काही नव्हतंच. पुस्तकं, सुती साड्यांचे दोन गठ्ठे, एक कुकर, तोही माझ्याच दुकानातला, शिट्टी न बदललेला. इतक्या वर्षांत तू इथं काय खात होतीस, कुणाशी बोलत होतीस, हे मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. खिडकीतून गोदावरीच्या बाजूला गुरुद्वाऱ्याचा कळस दिसतो. शेजारच्या सरदार बाईंनी सांगितलं, रविवारी सकाळी तू लंगरला जायचीस, पंगतीत गपचूप बसायचीस, उठून यायचीस. आमच्या घरी न बसणारी तू तिथं बसायचीस. मला राग आला, आणि मग बरंही वाटलं, की कुठंतरी तू पंगतीला होतीस.

दुपारी तुझ्या आणि तहसीनच्या केबिनमध्ये गेलो. तिनं लेख काढून ठेवलाच होता. माझा चेहरा बघून तिनं जरा घुटमळत सुचवलं, "मामा, एक करता येईल. 'नातेवाईक डॉक्टर' असं मॅडमनी लिहिलंय, ते काढून 'स्थानिक डॉक्टर' करू. शास्त्र तेच राहतं. मॅडमच्या नावाला काही लागत नाही. वाचणाऱ्याला तर तसंच वाटेल, नेहमी असतं तसं."

अक्का, मला ते एकदम पटलं. तुझा लेख निघतो, तुझं नाव स्वच्छ राहतं, आणि माझी नाही-होची कटकट संपते. मी "करा तसं" म्हणणारच होतो. तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, काखेत पिशवी, चपला बाहेर काढून आले. तहसीननं ओळख करून दिली. बिलोलीकडचे गंगाधर डॉक्टर. तू ज्यांना फोनवर सगळ्यात जास्त बोललीस त्यांच्यापैकी हे एक, नाव मला ऐकून माहीत होतं.

ते तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघून उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, "सवय न्हाई इथं बसायची. मॅडम कधी बसाच म्हणल्या न्हाईत." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि ते बसले.

मी तुझा भाऊ हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला. "लई बोलायच्या मला," ते म्हणाले. "रक्त का घेतलं न्हाई, सुई का दिली. मी हाव हाव म्हणायचो अन् फोन ठेवला की सुई द्यायचो. खेड्यातलं तुम्हाला काय सांगू? सुई न्हाई दिली तर पेशंट शेजारच्याकडं जातोय. मॅडमचे लेख यायचे, त्यात आम्हीच असायचो, नाव नसायचं एवढंच. वाचून राग यायचा."

तहसीननं खाली बघितलं.

"मग एकदा त्यांचा फोन आला," गंगाधर डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, आता कशावरून. तर म्हणाल्या, गंगाधर, माझ्या आईला मीच आधी गोळी दिली. रक्त न घेता. तुम्ही करता तेच मी केलं, अन् का करता ते मला आता कळलं. आई झोपली नव्हती, तिला झोप लागावी वाटली. एवढंच बोलल्या.  त्यानंतर मी बाटल्या आणून ठेवल्या. आता आधी रक्त घेतो. पेशंट बोंबलतोय, तरी घेतो."

त्यांनी पिशवी उचलली. जाताना तुझ्या खुर्चीला नमस्कार करावा की नाही या विचारात दारापर्यंत गेले, परत वळले आणि केला.

केबिनमध्ये आम्ही दोघंच राहिलो. पंखा फिरत होता. तू आईबद्दल एका परक्या माणसाला सांगितलं होतंस, ज्याच्यावर तू आयुष्यभर ओरडलीस त्याला. मला वाटत होतं, त्या गोळीची गोष्ट तुझ्या-माझ्यात आहे, म्हणून मी ती जपून राहिलो होतो. ती तू केव्हाच दुसऱ्याला वाटून टाकली होतीस. आणि आता मी काय करायला निघालो होतो? 'स्थानिक डॉक्टर' असं लिहिलं की तुझी गोळी ह्याच माणसाच्या हातात जाणार होती. ज्यानं तुझं ऐकलं, त्याच्या.

"तहसीन," मी म्हणालो, "स्थानिक डॉक्टर नको."

"मग मॅडमनी लिहिलंय तसंच ठेवू? 'नातेवाईक'?"

"ते पण नको. नातेवाईक म्हणजे काय? काका, मामा, साडू, कुणीही. मुलगी लिही."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मामा, मुलगी लिहिलं तर कळेल सगळ्यांना. वर मॅडमचं नाव आहे."

"कळू दे."

"मॅडमनी स्वतः लिहिलं नव्हतं तसं."

"न्हाई लिहिलं," मी म्हणालो. "ती म्हणायची, आई दोन्ही होती. मग तीही दोन्हीच होती की. डॉक्टर एकटीनं कशाला सगळं अंगावर घ्यायचं? डॉक्टरनं त्या दिवशी आधी रक्तच मागितलं असतं. गोळी मुलीनं दिली."

तहसीननं डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढला आणि पुन्हा लावला. मग तिनं ते वाक्य दुरुस्त केलं. मला इंग्रजीतून वाचून दाखवलं, मी डिक्शनरी आणली नव्हती म्हणून मराठीतून पुन्हा सांगितलं. ताप आल्यावर, तपासणीपूर्वी, रुग्णाच्या मुलीने, जी स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होती, रुग्णाला विश्रांती मिळावी म्हणून फोनवरून औषध सुरू करण्यास सांगितले.

"विश्रांती मिळावी म्हणून, हे होतं त्यात?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हे मी आत्ता घातलं. काढू का?"

"राहू दे."

मी होकार दिला, अक्का. तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही, कारण तुझा लेख मी जसाच्या तसा जाऊ दिला नाही, आणि तू असतीस तर त्या एका शब्दावरून आपलं पुन्हा वर्षभर चाललं असतं. मला ते वर्ष पाहिजे होतं. परतीच्या गाडीत मी तुझी सगळी कारणं तुझ्या आवाजात काढली, माझी उत्तरं माझ्या आवाजात दिली, आणि अहमदपूरपर्यंत दोन्ही बाजू माझ्याच होऊन बसल्या. एकट्यानं भांडण्यात काही मजा नाही.

लेख निघायला किती दिवस लागतील, तहसीनला सांगता येत नाही. निघाल्यावर ती मला पाठवील. तुझ्या बाकीच्या लेखांत तुझं नाव वर असायचं आणि खाली परकी माणसं, वय, बाई की पुरुष, गाव एवढंच, नाव नसलेली. ह्या एकात तू आत आहेस. एकच वाक्य आहे, त्यात आईला ताप आहे, ती अजून बोलते आहे, तू तिला झोप म्हणतेस. आई तुला विचारून राहिलीय, जेवलीस का. ते लेखात मावत नाही, पण मला त्या वाक्याच्या मागं ऐकू येतं.

त्या वाक्यात तुम्ही दोघीच आहात. मी न्हाई.